पंचाहत्तरावी ओळ

२ सप्टेंबर, मंगळवार

भौतिकशास्त्राचा वर्ग रद्द. हेल्मीने दप्तर स्वयंपाकघरातील बाकावर टाकले आणि पाठोपाठ ही बातमी टाकली. शिक्षक उन्हाळ्यातच दक्षिणेकडे निघून गेले. वर्गासाठी नावे दिलेले विद्यार्थी चार. चौघांसाठी नवा शिक्षक नेमणे शाळेला शक्य नाही. सूचनाफलकावरील मजकूर तिने उतरवून आणला होता. वाक्ये दोन, चुका तीन. ज्या शाळेत मी एक्केचाळीस वर्षे लॅटिन आणि इंग्रजी शिकवले, त्या शाळेची ही सूचना.

"मग आता?" मी विचारले.

"आता काय. परीक्षा काही शाळा घेत नाही, आजोबा. ती होणारच. फक्त मला काही येत नाही, एवढंच."

३ सप्टेंबर, बुधवार

परिस्थिती एकदा नीट मांडून ठेवतो. मांडल्याशिवाय मला विचार करता येत नाही.

हेल्मीला पूर्वेकडे, बॉस्टनच्या एका अभियांत्रिकी संस्थेत जायचे आहे. जहाजांचे सांगाडे कसे बांधतात ते तिथे शिकवतात. ती सात वर्षांची असताना तिच्या बापाने — माझा मुलगा रेनो, खनिज वाहणाऱ्या बोटीवर नोकरीला असतो — तिला सांगितले होते, की वादळात एका टोकाला उभे राहिले तर दुसरे टोक वर-खाली होताना दिसते. हजार फूट पोलाद चक्क वाकते. "मग मोडत का नाही?" हे तिने त्याला विचारले, मला विचारले, शाळेत विचारले. कोणालाही सांगता आले नाही. ती अजून तेच विचारते आहे.

त्या संस्थेला एस.ए.टी. या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षांमधील भौतिकशास्त्राच्या स्वतंत्र परीक्षेचे गुण हवेत. यंदाच्या अर्जासाठी चालेल अशी शेवटची परीक्षा डिसेंबरातली. आठशेपैकी साडेसहाशेच्या खाली गुण आले, तर अर्ज करण्यात अर्थ नाही, असे शाळेच्या समुपदेशक बाईंनी सांगितले. त्यांनी ते ज्या वाक्यात सांगितले ते इथे लिहिणार नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

निर्णय झाला. मी शिकवणार.

ग्रंथालयात गेलो. ग्रंथपाल इर्मा माझी विद्यार्थिनी. आता तीही साठीची आहे. भौतिकशास्त्राची चार पाठ्यपुस्तके आणि जुन्या प्रश्नपत्रिकांचा संच मागितला, तेव्हा तिने चष्म्यावरून पाहिले.

"कुणासाठी, सर?"

"माझ्यासाठी."

"सर, तुम्हाला गाडीचं चाक बदलता येत नाही. मागल्या मार्चमध्ये माझ्या नवऱ्याने बदलून दिलं."

"चाक बदलणे हे कौशल्य आहे. मी तत्त्वाविषयी बोलतो आहे."

"हो का. मग उद्या तत्त्वाचं चाक पंक्चर झालं तरी फोन करा," असे म्हणत तिने पुस्तकांवर शिक्के मारले.

७ सप्टेंबर, रविवार

पहिला धडा. पद्धत अशी ठरवली: सकाळी मी प्रकरण वाचायचे, उदाहरणे सोडवायची, संध्याकाळी जेवणाचे टेबल पुसून तिला शिकवायचे. म्हणजे मी तिच्यापुढे नेहमी एक प्रकरण असेन. त्याहून जास्त नाही.

गतीचे नियम मुळात लॅटिनमध्ये लिहिले गेले, हे मला सोयीचे पडले. पहिला नियम मुळातून वाचला. वाक्यरचना निर्दोष आहे. स्थिर वस्तू स्थिर राहते, चालती वस्तू चालत राहते — बाहेरून बल लागेपर्यंत. हेल्मी म्हणाली, "म्हणजे बाबा आणि तुम्ही." कोण स्थिर आणि कोण चालते, ते तिने सांगितले नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

उतारावरील ठोकळ्याने तीन दिवस घेतले. आज उतरला.

२० सप्टेंबर, शनिवार

शनिवार, म्हणून सौना, म्हणजे घरामागची वाफेच्या स्नानाची खोली, तापवला. सुप्त उष्म्याचे प्रकरण सकाळीच वाचले होते. तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी ओतले आणि विचारले, पाण्याचे तापमान आता किती?

"उकळायला लागलं की शंभराच्या पुढे जात नाही. सगळी उष्णता वाफ करण्यात जाते. आणि तीच वाफ आपल्या पाठीवर पाणी होते, तेव्हा सगळी उष्णता परत देते. म्हणून भाजतं." मग पाठ चोळत, "आजोबा, सत्तर वर्षं तुम्ही इथे बसताय आणि हे तुम्हाला आज कळलं?"

आज सकाळी कळले. मी आणखी एक पळी ओतली.

२७ सप्टेंबर, शनिवार

रेनोचा फोन, डुलुथच्या धक्क्यावरून. पाठीमागे खनिज ओतल्याचा आवाज.

"बाबा, तुम्ही तिला भौतिकशास्त्र शिकवताय म्हणे. बोटीवर सांगितलं, तर आमचा आचारी हसून खाली बसला."

"आचाऱ्याचे शिक्षण किती झाले आहे?"

"अहो, पण बारा मैलांवर कॉलेज आहे आपल्याकडे. तिथे भौतिकशास्त्र वेगळं असतं का? घरून जाईल, घरी येईल. तुम्हालाही सोबत होईल."

मी म्हटले, मला सोबत नको आहे, तिला शिक्षण हवे आहे. रेनोने फोन ठेवला. तो वाईट नाही. हेल्मीची आई मिनियापोलिसला दुसऱ्या संसारात रमली, तेव्हापासून कोणी लांब जाण्याची गोष्ट काढली की तो बारा मैल मोजतो.

५ ऑक्टोबर, रविवार

पहिली सराव परीक्षा. पंचाहत्तर प्रश्न, एक तास, गणनयंत्राला बंदी. दोघांनीही दिली. मी ज्या विषयात स्वतः परीक्षा दिलेली नाही, तो विषय मी कधीही शिकवलेला नाही.

हेल्मी — सुमारे पाचशे ऐंशी. मी — लिहीत नाही.

दोघांनीही सर्वच्या सर्व प्रश्न सोडवले. मी तिला बजावून सांगितले होते: कोरे काही सोडायचे नाही. एक्केचाळीस वर्षांत कोरे उत्तर मी आळस समजत आलो. समासात तसे तांबड्या शाईने लिहीतही आलो.

६ ऑक्टोबर, सोमवार

प्रश्नसंचाच्या मागील पानांवर गुणदानाचे कोष्टक आहे. ते आधी वाचायला हवे होते.

बरोबर उत्तराला एक गुण. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. कोऱ्या प्रश्नाला काहीच नाही — ना अधिक, ना उणे. आणि पुढे, असेच सहज लिहावे तसे: साठेक गुण झाले की पूर्ण आठशे! म्हणजे पंधरा प्रश्नांना हातही न लावणाऱ्याला पूर्ण गुण. अर्धवट कामाला पूर्ण गुण.

दोनदा वाचले. मुद्रणदोष नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

हेल्मीला दाखवले. तिने पेन्सिलने पटापट हिशोब केला. रविवारी तिने ज्या प्रश्नांवर नुसते अंदाज मारले होते, ते सोडून दिले असते तर साडेसहाशेच्या जवळ गेली असती.

"म्हणजे मला जे येत नाही त्याने नुकसान नाही झालं," ती म्हणाली. "जे येत नाही ते लिहिण्याने झालं."

हे वाक्य चांगले आहे. मला सुचले असते, तर आवडले असते.

१२ ऑक्टोबर, रविवार

नवा सराव — सोडून देण्याचा. मी समोर घड्याळ ठेवून बसतो. प्रश्न वाचायचा, अर्ध्या मिनिटात वाट दिसली नाही, तर त्याच्याभोवती गोल करून पुढे. तिला तीन दिवसांत जमले. मला अजून जमत नाही. आजच्या पेपरात एका चुंबकीय क्षेत्रापाशी मी सहा मिनिटे बसलो, आणि शेवटी चुकीचेच लिहिले.

माझा पेपर तिने तपासला. माझ्याच तांबड्या पेन्सिलीने. समासात लिहिले आहे: "कोरं सोडा, आजोबा."

व्याकरणदृष्ट्या बरोबर आहे. स्वल्पविरामही योग्य जागी.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

विद्युत. मला हा भाग आवडत नाही. दिसत काहीच नाही आणि सर्व घडत असते. हेल्मीने आज मला रोधांची समांतर जोडणी समजावून सांगितली. मी तिला नव्हे — तिने मला. मी "पुन्हा सांग" म्हटले, तिने पुन्हा सांगितले, वेगळ्या शब्दांत. चांगला शिक्षक तेच वाक्य दुसऱ्यांदा वापरत नाही. हे मी तिला शिकवलेले नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

सहाशे नव्वद.

इर्माने वेलचीचा पाव पाठवला होता. अर्धा लगेच संपला.

९ नोव्हेंबर, रविवार

सातशे दहा. प्रश्नसंचासोबत कोऱ्या उत्तरपत्रिकाही आल्या आहेत — ओळीत पाच पाच पोकळ गोळे, पेन्सिलने भरायचे. हेल्मी म्हणाली, एकदा त्यावरही सराव करून पाहू या का. मी म्हटले, गोळे रंगवणे हे बालवाडीचे काम आहे. तू वहीत क्रमांक घालून अक्षरे लिही, मला तपासायला सोपे जाते. तास वाचतो आहे तो आपण भिंगांना देऊ.

१५ नोव्हेंबर, शनिवार

हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. गाव रिकामे; सगळे नारिंगी जाकिटे घालून जंगलात. कोणाच्या तरी बंदुकीला माझा संशय येऊ नये, म्हणून नारिंगी टोपी घालूनच ग्रंथालयापर्यंत चालत गेलो. इर्मा म्हणाली, "सर, त्या टोपीत तुम्ही थोडे माणसासारखे दिसता." हेल्मीच्या वर्गातली मुले आज रानात आहेत. ती प्रिझमपाशी आहे. तक्रार नाही. मलाही नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आभारदिन. टर्की मी केली, नेहमीप्रमाणे कोरडी झाली. रेनोचा फोन आला, तेव्हा हेल्मीने त्याला लाटेच्या माथ्यावर जहाजाचा मधला भाग उचलला जातो आणि दोन्ही टोके खाली झुकतात, हे पाच मिनिटे समजावून सांगितले. मग मला म्हणाली, "बाबा म्हणतात, हे त्यांना माहीत होतं, फक्त शब्द नव्हते."

५ डिसेंबर, शुक्रवार

मार्क्वेट. परीक्षाकेंद्र इथे, आमच्याकडे या परीक्षेचे केंद्र नाही. शंभर मैल, निम्मा रस्ता हिमवर्षावात. लॉजची खोली स्वच्छ आहे. सूचनापत्रकात "पेन्सिल क्र. २" असे आठ ठिकाणी लिहिले आहे. हेल्मीने सहा पेन्सिलींना टोक काढले. मी दोन जास्त.

६ डिसेंबर, शनिवार

झाली परीक्षा.

तिला बाहेर येताना पाहिले, तेव्हाच कळले की चांगली गेली. चालण्यात उडी होती. सतरा प्रश्न सोडले, म्हणाली. बाकीचे जवळपास सगळे पक्के. आम्ही पास्टी घेतली — मांस, बटाटा आणि सलगम भरलेली, गावातल्याहून जाड कवचाची — आणि गाडीतच खाल्ली. ती बोलत होती, मी गाडी चालवत होतो. शेवटचा, पंचाहत्तरावा प्रश्न कसा सोपा निघाला, शेवटच्या मिनिटात कसा झटकन सुटला, वगैरे.

मग बोलणे थांबले. लान्सच्या उपसागरापर्यंत शब्द नाही. मला वाटले, डोळा लागला.

"आजोबा, पंचाहत्तरावा प्रश्न मी सोडवला होता ना?"

"आताच तर सांगितलेस."

"मग शेवटची ओळ कोरी कशी होती?"

मी विचारले, कसली ओळ. तिने सांगितले. वेळ संपली, पर्यवेक्षिकेने हातातून उत्तरपत्रिका घेतली, तेव्हा तिला दिसले होते: पंचाहत्तराव्या क्रमांकासमोरचे पाचही गोळे पोकळ. त्या क्षणी काही वाटले नाही. आता वाटले.

गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. म्हणजे तिने कुठेतरी प्रश्न सोडला, पण उत्तरपत्रिकेवरची त्याची ओळ सोडली नाही. पुढचे उत्तर त्या ओळीत गेले, त्याच्या पुढचेही आपल्या जागेच्या एक ओळ वर, आणि असेच शेवटपर्यंत. प्रत्येक उत्तर बरोबर, प्रत्येक उत्तर चुकीच्या जागी. हस्तलिखितांच्या नकला करणाऱ्यांचा हा जुना दोष — एक ओळ नजरेतून निसटली, की खालचे सगळे पान बिघडते. मी तो विद्यार्थ्यांना एक्केचाळीस वर्षे शिकवला.

"कुठे?" मी विचारले. "कोणत्या प्रश्नापासून?"

"मला काय माहीत."

७ डिसेंबर, रविवार

परिस्थिती पुन्हा मांडतो.

येत्या बुधवारपर्यंत, स्वतःच्या सहीचे पत्र फॅक्सने पाठवून, विद्यार्थ्याला आपली परीक्षा रद्द करता येते. रद्द केली तर गुण कोणालाच कळत नाहीत. पण मग यंदाचा अर्ज नाही. एक वर्ष घरी, किंवा बारा मैलांवर. रद्द केली नाही आणि घोळ पहिल्या दहा प्रश्नांतच झालेला असेल, तर तिचे गुण तीनशे-चारशे येतील. ते नोंदीत राहतील, आणि पुढच्या वर्षी नवे गुण कितीही आले, तरी हे त्यांच्यासोबत त्या संस्थेत जातील.

घोळ शेवटी झाला असेल, तर फारसे नुकसान नाही.

सगळे एका आकड्यावर अवलंबून आहे: दोन्ही क्रमांक शेवटचे कधी जुळले होते?

तिला विचारले. आठवत नाही, म्हणाली. जेवणानंतर विचारले. "आजोबा, नाही आठवत. मी प्रश्न वाचत होते, गोळे नव्हते मोजत." गोळ्यांचा सराव तिने मागितला होता. मी नाकारला होता. हे तिने बोलून दाखवले नाही.

८ डिसेंबर, सोमवार

ग्रंथालयात गेलो. फॅक्स तिथेच आहे. इर्माला सांगावे लागले.

"तुम्हाला काय वाटतं, सर?"

"पुरावा नसताना मला काही वाटून घेता येत नाही. पुरावा नसेल, तर रद्द करणे हाच विवेक."

"आणि तिला काय वाटतं?"

"तिला आठवत नाही."

"मी ते नाही विचारलं," इर्मा म्हणाली. मग फॅक्सचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला. "बुधवारी पाचला मशीन बंद करते. तुमच्यासाठी सव्वापाच."

संध्याकाळी हेल्मीला तिसऱ्यांदा विचारले. या वेळी पद्धतशीर. जुना पेपर पुढे ठेवला आणि दर पाच प्रश्नांपाशी थांबलो: इथे हात कुठे होता, घड्याळ किती होते, पेन्सिल बदलली होती का. ती उत्तरे देत राहिली. एकाचाही उपयोग झाला नाही. शेवटी म्हणाली, "रद्द करायची का, तेवढं सांगा ना."

मी म्हटले, माहिती अपुरी आहे.

९ डिसेंबर, मंगळवार

सापडले.

ती पास्टीसाठी सलगम सोलत होती, मी कणीक मळत होतो. चौथ्यांदा विचारले — विचारायचे नाही असे ठरवूनही विचारले. तिने सुरी खाली ठेवली.

"एकसष्ट."

"काय एकसष्ट?"

"एकसष्टाव्या प्रश्नाला जुळत होतं. भिंगाची आकृती होती, बाण उजवीकडून येणारा. तेवढ्यात पर्यवेक्षिका बाई म्हणाल्या, दहा मिनिटं राहिली. मी दचकले आणि उत्तरपत्रिकेकडे पाहिलं. इथेही एकसष्ट, तिथेही एकसष्ट."

कणकेचे हात धुतले आणि पाटी घेतली. दहा मिनिटांत चौदा प्रश्न: तिच्या गतीशी जुळते. भिंगांचे प्रश्न पेपराच्या शेवटच्या भागात येणे: शक्य आहे. थोड्या वेळाने वेगळ्या दिशेने पुन्हा विचारले. बाण उजवीकडूनच आला. साक्ष सुसंगत आहे.

म्हणजे घोळ एकसष्टच्या पुढेच झाला. पुढच्या चौदांपैकी, तिच्या अंदाजाने, तिने पाच सोडले, नऊ सोडवले. ते नऊच्या नऊ वाया गेले असे धरले, वर त्यांचा पाव-पाव गुण कापला, आधीच्या उत्तरांत चार-पाच चुका धरल्या, तरीही सहाशे साठ ते सातशे. साडेसहाशेच्या वर.

रद्द करायची नाही. तिला कारणांसह सांगितले. तिने मान डोलावली आणि सुरी पुन्हा हातात घेतली.

१० डिसेंबर, बुधवार

इर्माला सांगायला स्वतः गेलो. फॅक्सची चिठ्ठी परत केली आणि पाटीवरील हिशोब कागदावर उतरवून नेला होता, तो दाखवला. तिने सगळा वाचला. "एकसष्ट," ती म्हणाली. "बरं. हेल्मीनं सांगितलं ना, मग असेल."

पाच वाजले, मशीन बंद झाले. मी पायी घरी आलो. बर्फ गुडघ्यापर्यंत.

१४ डिसेंबर, रविवार

संस्थेचा अर्ज. निबंधाचा विषय: तुम्हाला कोणता प्रश्न सोडवायचा आहे? हेल्मीने बापाच्या बोटीवर लिहिले. मी एकच दुरुस्ती सुचवली, एका अर्धविरामाची. तिने ऐकून घेतली आणि केली नाही. दुसऱ्यांदा वाचले, तेव्हा तिचे बरोबर वाटले.

१८ डिसेंबर, गुरुवार

वाट पाहणे. या घरातील दोघेही ते वाईट करतात. तिने सौनाचा लाकूडफाटा सगळा पुन्हा रचला. मी त्या पाठ्यपुस्तकांपैकी एकात अणुगर्भाचे प्रकरण वाचतो आहे; आता त्याची कोणालाच गरज नाही.

२२ डिसेंबर, सोमवार

सहाशे नव्वद.

ग्रंथालयाच्या संगणकावर. आकडा उमटला, तेव्हा इर्मा मागे उभी होती, आणि हेल्मीने खुर्ची इतकी जोरात मागे ढकलली की तिच्या पायावर गेली. इर्मा ओरडली, मग हसली, मग दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. ज्येष्ठ नागरिकांच्या विणकामाच्या टेबलावरून कोणीतरी "शू" केले. मी चष्मा पुसत होतो.

घरी येऊन पाटी काढली. सहाशे साठ ते सातशे, असे नऊ तारखेला मांडले होते. आले सहाशे नव्वद. म्हणजे निष्कर्ष योग्य होता. एक निश्चित आधार सापडला आणि त्यावरून बाकीचे रचले. याच रीतीने माझ्या पिढीने फाटक्या हस्तलिखितांतून संपूर्ण ओळी परत उभ्या केल्या आहेत. आनंद तर आहेच. पण या वयात आपली पद्धत एका जिवंत प्रश्नावर खरी ठरावी, याचे समाधान वेगळे.

रेनोला फोन केला. बोट हंगाम आवरून येत आहे. गुण सांगितले, पद्धतही सांगितली.  तो म्हणाला, "बाबा, बॉस्टनला इथून गाडीनं किती तास लागतात?" मी म्हटले, दोन दिवस. "ठीक आहे," तो म्हणाला. "मला सुट्टी आहे."

२४ डिसेंबर, बुधवार

नाताळचे स्नान. सौनातून घराकडे येताना हेल्मीने सांगितले, की एकसष्टावा प्रश्न तिला आठवतच नव्हता. भिंगाची आकृती, बाण, पर्यवेक्षिकेचा आवाज, दोन्हीकडे जुळलेला आकडा — काहीच नाही. "मला रद्द करायचं नव्हतं. जे व्हायचं ते झालं असतं, मला चाललं असतं. पण तुम्हाला पुरावा हवा होता, म्हणून दिला."

बर्फात तसाच उभा राहिलो. अंगातून वाफ निघत होती. विचारले, "मग एकसष्टच का?"

"साठ म्हटलं असतं, तर तुमचा विश्वास बसला नसता. फार गोल आकडा."

बसला नसता.